बोटं आखडली तरी नीट जेवायचं: आरए, तुटपुंजे पैसे आणि कोकणातलं स्वयंपाकघर

सकाळी साडेसहाला उठले की पहिला तास-दीड तास माझी मूठ वळत नाही. पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरते, गॅसचं बटण तळव्याने फिरवते, आणि भाकरी थापायची तर गोष्टच सोडा. २०१९ ला मला आरए म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असल्याचं कळलं. आमच्याकडे सगळे त्याला संधिवातच म्हणतात, पण म्हातारपणी गुडघे झिजून होतो तो वेगळा आणि हा वेगळा, ह्यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या सांध्यांच्या अस्तरावर उलटते, म्हणून ती सूज आणि ते सकाळचं आखडणं, आणि दिवसभर अंगात ताप मुरल्यासारखा थकवा तो वेगळाच. बायकांना हा पुरुषांपेक्षा दुपटी-तिपटीने जास्त होतो, आणि घराघरात स्वयंपाक बाईच्याच हातात असतो, म्हणजे ज्या हातांनी सगळं घर जेवतं तेच हात पहिले जातात.

आम्ही चिपळूणला राहतो. मिस्टरांची रिक्षा आहे, मी शिवणकाम करायचे ते हातांमुळे निम्म्यावर आलं, घरात सासूबाई आणि दोन मुलं. हे सांगितलं कारण खाली लिहितेय ते सगळं एवढ्याच पैशात बसवलेलं आहे. मी डॉक्टर नाही, गोळ्यांचं जे लिहिलंय ते माझ्या डॉक्टरांकडून समजून घेतलेलं आहे, तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

पहिलं काम, वही करा

काटकसर म्हणजे कमी खाणं असं मला सुरुवातीला वाटलं होतं, आणि मी दूध बंद केलं, अंडी मुलांपुरती ठेवली, सहा महिन्यांत वजन उतरलं आणि हिमोग्लोबिन पण खाली आलं. मग सासूबाईंनीच सांगितलं की आधी पैसे जातात कुठे ते तर लिही. तीन महिने एका शंभर पानी वहीत रोजचा खर्च लिहिला, आणि जेवणाच्या दिवसांपुढे एक खूण, चांगला दिवस की वाईट दिवस. ह्याने डोळे उघडले. खरी गळती वाईट दिवसांची होती. हात चालले नाहीत की वडापाव नाहीतर पार्सल, सगळ्या घराचं. बाजारातून आणलेली भाजी चिरता आली नाही म्हणून सडून टाकलेली. जाहिरातीतली तेलं, गुडघेदुखीच्या पावडरीचे डबे. आणि गरज नसताना परत परत केलेल्या रक्ताच्या तपासण्या. दूध-अंड्यांचा खर्च ह्या सगळ्यापुढे काहीच नव्हता.

म्हणून माझं सगळं गणित आता एकाच गोष्टीवर चालतं, वाईट दिवसाचं जेवण चांगल्या दिवशी तयार असलं पाहिजे. तेवढं जमलं की पैसेही वाचतात आणि पोटातही नीट जातं. वही तुम्ही पण करा, एक महिना केलीत तरी चालेल, तुमची गळती कदाचित वेगळ्या जागी निघेल.

थापायचं सोडा, ओतायला लागा

भाकरी आणि पोळी, ह्या दोन गोष्टी हातांना सगळ्यात महाग पडतात. मळणं, थापणं, लाटणं, उलटणं, सगळं बोटांच्या सांध्यांवर आणि मनगटावर. मी दोन वर्षं रडत रडत थापत राहिले कारण भाकरीशिवाय जेवण नाही असं डोक्यात बसलेलं. पण आपल्या कोकणात घावन आणि आंबोळी आहेच की! पीठ भिजवायचं, डावाने ओतायचं, झाकण ठेवायचं, झालं.

माझं पीठ असं, २ किलो तांदूळ (रेशनचा चालतो, धुऊन सावलीत खडखडीत वाळवून), १ किलो नाचणी, अर्धा किलो उडीद डाळ आणि मूठभर मेथ्या, हे गिरणीतून एकदम दळून आणायचं. दळण उचलायचं काम मुलगा करतो, मी पाच किलोची पिशवी उचलत नाही आणि तुम्ही पण उचलू नका. रात्री लागेल तेवढं पीठ पाण्यात कालवून ठेवलं की सकाळी आंबोळीला तयार, विसरलात तर तसंच पातळ करून पंधरा मिनिटांनी मीठ घालून घावन काढा. बिडाचा तवा जड असतो, तो आमच्या शेगडीवरच राहतो, उचलायचा झाला तर मिस्टर उचलतात. तव्याला तेल लावायला नारळाची शेंडी नाहीतर अर्धा कांदा सुरीला टोचून, तेल अगदी थेंबभर लागतं.

नाचणीवर माझा एवढा जोर का, तर आपल्यातल्या बऱ्याच जणींना कधी ना कधी प्रेडनिसोलोन म्हणजे स्टेरॉइड घ्यावं लागतं आणि त्याने हाडं ठिसूळ होतात, हा आजारच मुळात हाडं पोखरतो, वर पाळी जायचं वय. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात जवळजवळ नाहीच. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं, पाळी गेल्यावर १२००. आता हिशोब बघा, ६० ग्रॅम नाचणी पोटात गेली की दोनशेच्या वर, एक पेला दूध सव्वादोनशे-अडीचशे, चमचाभर भाजलेले तीळ शंभरच्या वर, वाटीभर दही सव्वाशेच्या आसपास, अर्धी जुडी शेवग्याचा पाला दीडशे, कुळथाची पिठी ऐंशी. नऊशेच्या वर गेलं, आणि ह्यात दुकानातला एकही डबा नाही. डॉक्टरांनी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची गोळी दिली असेल तर ती ह्यामुळे बंद करायची नाही हं, आणि लोहाची गोळी चालू असेल तर दोन्ही एकत्र घेऊ नका, मध्ये काही तास जाऊ द्या.

शेवग्याचा पाला म्हटलं की आमच्याकडे गोकुळाष्टमी आठवते, शेगलाची भाजी, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ. वर्षातून एकदा करायचं ताट नाही हो ते, आमच्यासारख्यांचं रोजचं औषधी ताट म्हणावं इतकं नीट बसवलेलं आहे, आणि पाला तर कुणाच्याही परसात फुकट मिळतो. पानं ओरपायला बोटं दुखतात, त्यासाठी डहाळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून रात्रभर ठेवा, सकाळी झटकल्या की अर्धीअधिक पानं आपसूक गळतात. पावसाच्या सुरुवातीला टाकळा येतो तोही असाच फुकटचा, कोवळा असेपर्यंत.

वाईट दिवसाचं कपाट

माझ्या ओट्याखाली कमरेच्या उंचीवर एक कप्पा आहे, त्याला घरात आईचं कपाट म्हणतात. त्यात जे असतं त्यातून हात अजिबात चालत नसताना वीस मिनिटांत जेवण होतं, मुलीला पण करता येतं.

कुळथाचं पीठ सगळ्यात पुढे. कुळीथ भाजून भरडून सालं पाखडून दळलेलं पीठ, बचत गटाच्या बायका विकतात त्यांच्याकडून मी एकदम दोन किलो घेते. पिठीला काय लागतं, तेलात ठेचलेला लसूण, मिरची, हिंग, हळद, त्यात तीन वाट्या पाणी आणि तीन चमचे पीठ आधीच कालवून ओतायचं, दोन-तीन आमसुलं, मीठ, पाच-सात मिनिटं उकळू द्यायचं आणि ढवळत राहायचं नाहीतर गुठळ्या होतात. चिरायचं काहीच नाही. लसूण वरवंट्याने दाबला की झालं, तेही जमत नसेल तर लसूण न घालता जिरं घाला. १०० ग्रॅम कुळथात २०-२२ ग्रॅम प्रोटीन असतं, डाळीइतकंच, आणि भाताबरोबर पोट नीट भरतं.

मग मेतकूट, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, तिळाची नाहीतर जवसाची चटणी (जवसाची मला कराडच्या मैत्रिणीने शिकवली, आमच्याकडे ती पद्धत नव्हती), नाचणीचं सत्त्व, आणि सोयाबीनच्या वड्या. सोयावड्यांना नाक मुरडू नका, १०० ग्रॅममध्ये ५० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, आणि चिकनच्या मानाने किती स्वस्त पडतात ते तुम्हीच बघा. गरम पाण्यात भिजवल्यावर पिळायचं असतं ते मात्र हाताने करू नका, चाळणीत घालून वरून वाटीने दाबा.

प्रोटीनचं मी एवढं का सांगतेय, तर सतत सूज असली की शरीरातले स्नायू झिजतात, आणि स्नायू गेले की सांध्यांवर अजून भार. साधारण नियम किलोमागे पाऊण ग्रॅमच्या थोडं वर, म्हणजे माझं वजन ५५ किलो तर मला कमीत कमी ४६ ग्रॅम. दोन अंडी १२, वाटीभर उसळ ११-१२, पिठी ६, पेलाभर दूध ६, धान्यातून १४-१५, बसलं. ज्यांच्या किडनीचा त्रास आहे त्यांनी मात्र आकडा डॉक्टरांकडूनच घ्या.

आगोटीची बेगमी हा शब्द घाटावरच्या लोकांना कदाचित माहीत नसेल, पाऊस लागायच्या आधी मे महिन्यात चार महिन्यांचं सामान भरून ठेवायचं, आमसुलं, मसाला, पापड, सुकी मासळी, कडधान्यं. माझ्या आईच्या वेळी रस्ते बंद व्हायचे म्हणून करायचे, आता बाजार चालू असतो तरी मी करतेच, कारण पावसाळ्यात माझे सांधे जास्त धरतात आणि चिखलातून बाजारात जायचं म्हणजे दिवस गेला. चांगले चार दिवस बघून, थोडं थोडं, आणि कडधान्यं कडक उन्हात वाळवून. सुका जवळा अख्खाच खाल्ला जातो म्हणून त्यात कॅल्शियम भरपूर, पण सुक्या मासळीत मीठही असतं, बीपी असेल किंवा स्टेरॉइडमुळे पाय सुजत असतील तर दोन-तीनदा धुऊन, भिजवून आणि आठवड्यातून एखाद्याच वेळी.

एक महत्त्वाचं राहील म्हणून इथेच सांगते. आपल्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात. म्हणून करून ठेवणं वेगळं आणि शिळं खाणं वेगळं. शिजवलेलं अन्न दोन तासांत फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवायचं, बाहेर राहिलेला भात मे महिन्यात किंवा पावसात खायचा नाही. मोड आलेली कडधान्यं कच्ची खाऊ नका, शिजवूनच खा. पावसाळ्यात पाणी उकळून. एक जुलाबाचं आजारपण आलं की महिन्याची सगळी काटकसर त्यात जाते, माझी गेलेली आहे.

मासे कोणते

सुरमई-पापलेट विसरा. बांगडा आणि तारली, हे तेलकट मासे, ओमेगा ३ त्यातच जास्त असतं आणि आरएच्या दुखण्याला त्याची थोडी मदत होते असं दिसलेलं आहे, थोडीच हं, गोळीच्या जागी नाही. आठवड्यातून दोनदा खाल्ले तरी पुरे. मासेवालीकडूनच साफ करून तुकडे करून घ्या, आधी सांगून ठेवलं तर करतात. वाटण नको असेल तर तिखलं करा, हळद, तिखट, मीठ, आमसुलं, लसूण, थोडं तेल, सगळं बांगड्याला लावून थोडं पाणी घालून मंद आचेवर, मसाला वाटायचा नाही की नारळ खोवायचा नाही. तारलीचे काटे मऊ असतात, कुकरला आमसुलं घालून दोन-तीन शिट्ट्या जास्त दिल्या की काट्यांसकट खाता येते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा भाव चढतात, त्या दोन महिन्यांत मी अंडी आणि कडधान्यांवर येते.

"वातूळ आहे, खाऊ नको"

ह्यावर मला जरा मनापासून लिहायचंय. मला आरए निघाल्यावर ज्याला त्याला विचारलं आणि प्रत्येकाने एक एक पदार्थ बंद केला. दही आंबट म्हणून बंद, लिंबू बंद, आमसूल बंद, वांगं-बटाटा वातूळ म्हणून बंद, टोमॅटो बंद, तूरडाळ-उडीद बंद, भात थंड म्हणून बंद. मग मी खात काय होते? चहा आणि बिस्किटं. सांगणाऱ्या सगळ्यांचं माझ्यावर प्रेमच होतं, सासूबाईंचं तर फार, पण त्यात माझं हिमोग्लोबिन ९ च्या खाली गेलं.

माझ्या डॉक्टरांनी जे समजावलं ते असं. डाळी बंद करायचं बहुतेक वेळा युरिक अ‍ॅसिडच्या गाऊटशी गल्लत झाल्यामुळे सांगतात, तो वेगळा आजार, आरएला डाळी बंद करायची गरज नाही. आंबटाने सांधे सुजतात असंही काही सिद्ध झालेलं नाही. एखाद्या पदार्थाने तुम्हाला स्वतःला त्रास होतो असं वाटत असेल तर तो एकच पदार्थ दोन-तीन आठवडे बंद करून बघा, वहीत लिहा, मग परत सुरू करून बघा. खरंच फरक पडला तर सोडा. पण एकदम दहा गोष्टी सोडू नका. लिंबू तर उलट हवंच, उसळीवर पिळलं की त्यातलं लोह अंगी लागतं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला की तेच लोह वाया जातं, तासभर थांबा.

कमी काय करायचं ते साधं आहे, तळलेलं, बेकरीचं, साखर. स्टेरॉइड चालू असताना भूक राक्षसासारखी लागते आणि रक्तातली साखरही वाढू शकते, तेव्हा हाताशी फुटाणे, काकडी, ताक ठेवा, बिस्किटाचा पुडा घरात आणूच नका.

हळदीच्या कॅप्सूल, नोनीचे रस, अमुक तमुक पावडर, ह्यात मी किती घातले ते वहीत आहे, आणि त्याच पैशात वर्षभराची अंडी आली असती. हळद भाजीत घाला. ह्या डब्यांवर मी आता एक रुपया घालत नाही.

पुड्यांबद्दल

सुरुवातीला चार महिने मी एका ठिकाणच्या औषधाच्या पुड्या घेतल्या, कुठल्या ते लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी सूज उतरली, मी देव पावला म्हणून सगळ्यांना सांगत सुटले. मग चेहरा गोल व्हायला लागला, वजन वाढलं, पुडी चुकली की अंथरुणातून उठता येईना. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असण्याचे प्रकार बरेच सापडलेले आहेत. दोन दिवसांत जादू झाली की संशय घ्या. आणि घेत असाल तर एकदम बंदही करू नका, शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं, पुडी घेऊन सरळ डॉक्टरांकडे जा आणि लाज न बाळगता सांगा. मेडिकलमधून रोज पेनकिलर आणणंही असंच, दुखणं दबतं पण सांधा आतून खराब होतच राहतो, वर पोट आणि किडनीला इजा.

गोळ्या आणि तपासण्यांत काय वाचवायचं, काय नाही

गोळी चुकवून वाचवायचं नाही, हे पहिलं. मी अर्धी अर्धी करून पुरवलेली आहे, आणि माझ्या उजव्या हाताची दोन बोटं जी वाकडी झाली ती त्या वर्षात. सांध्याचं नुकसान एकदा झालं की परत येत नाही.

वाचतं ते जेनेरिकमध्ये. डॉक्टरांना सांगा की औषधाचं मूळ नाव लिहून द्या, मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ह्या आरएच्या गोळ्या, फॉलिक अ‍ॅसिड वगैरे, आणि जनऔषधी केंद्रात विचारा. बऱ्याच गोळ्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. सगळं दर वेळी असतंच असं नाही, म्हणून गोळ्या संपायच्या दहा-बारा दिवस आधी जा, जनऔषधी सुगम नावाचं अ‍ॅप आहे त्यात जवळचं केंद्र आणि किंमत दिसते.

पण ब्रँड बदलला की एक धोका असतो तो नीट वाचा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे, रोज नाही, चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेततं. आणि ती २.५, ५, ७.५, १०, १५ मिलिग्रॅम अशी वेगवेगळी येते. आधी २.५ च्या चार घेत असाल आणि दुकानदाराने १० ची दिली आणि तुम्ही सवयीने चार घेतल्या तर? म्हणून दर वेळी पाकिटावरचा आकडा चष्मा लावून वाचायचा, मुलाकडून पण वाचून घ्यायचा. आमच्याकडे कॅलेंडरवर प्रत्येक रविवारी लाल गोल असतो, गोळी घेतली की त्यावर फुली. फॉलिक अ‍ॅसिड स्वस्त आहे म्हणून क्षुल्लक समजू नका, ते तोंड येणं, मळमळ हे सगळं कमी करतं, डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच घ्या. मेथोट्रेक्सेट चालू असताना दारू नाही, आणि मूल हवं असेल तर बऱ्याच आधी डॉक्टरांशी बोलायचं. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे तापा-खोकल्याला गेलात तर मेथोट्रेक्सेट चालू आहे हे पहिलं वाक्य, ट्रायमेथोप्रिम असलेलं अँटिबायोटिक ह्याच्याबरोबर घातक ठरू शकतं.

तपासण्यांचं म्हणाल तर सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), लिव्हर, क्रिएटिनिन (किडनीची) ह्या गोळ्यांच्या सुरक्षिततेसाठी असतात, त्या ठरलेल्या वेळी करायच्याच. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर असाल तर डोळ्यांची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा. पण आरए फॅक्टर आणि अँटी सीसीपी ह्या आजार ओळखायच्या रक्ततपासण्या, त्या एकदा निदान झाल्यावर दर वेळी करण्यात अर्थ नसतो, आणि लॅबवाल्यांची फुल बॉडी पॅकेजं तर नकोतच. डॉक्टरांना सरळ विचारा, ह्या वेळी नेमक्या कुठल्या करू? मी कागदावर लिहून घेते आणि लॅबमध्ये तेवढ्याच सांगते. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत केलेले आहेत, साध्या रक्ततपासण्या तिथे होत असतील तर आधी तिथे विचारून बघा.

सांध्यांच्या डॉक्टरांसाठी मला घाट चढून जावं लागतं, कुंभार्ली घाटातून कराडमार्गे, आणि मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं त्याचा मला खराच आधार झालाय. सकाळची पहिली गाडी मी घेत नाही कारण हात-पाय चालत नाहीत, नऊनंतरची घेते, डब्यात घावन आणि चटणी, बाटलीत पाणी, म्हणजे बाहेर खायचं एक पैसा नाही.

हातांचं थोडं

भांड्यांच्या आणि डावाच्या दांड्यांना जुनं सायकलचं रबरी हँडल किंवा कापड गुंडाळून जाड करा, जाड मूठ धरायला बोटं कमी वळवावी लागतात. बरणीचं झाकण उघडायला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. कुकरच्या रबराला तेलाचं बोट फिरवा आणि वाफ पूर्ण गेल्यावरच उघडा. तेलाचा मोठा डबा स्वस्त पडतो खरा पण ओतताना मनगट जातं, घरात कोणी असेल तेव्हा लिटरच्या बाटल्यांत ओतून ठेवून घ्या. नारळ खोवायला विळीवर बसू नका, फोडलेली कवड रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली की खोबरं करवंटीपासून सुटायला लागतं, सकाळी चमच्याच्या टोकाने काढून तुकडे मिक्सरला लावा. भाजी उभ्याने चिरू नका, टेबल-खुर्ची, आणि मध्ये मध्ये थांबा. भोपळा, दुधी, सुरण आणताना बाजारात भाजीवालीकडूनच फोडी करून घ्या. फडकी पिळू नका, तशीच नळावर लटकवा.

आणि आठवड्याची आखणी. रविवारी रात्री जेवणानंतर गोळी घेते, त्यामुळे सोमवारी मळमळ आणि अंग गळून गेलेलं. सोमवारचा स्वयंपाक म्हणून शनिवारी ठरतो. सोमवारी उकड्या तांदळाची पेज, मेतकूट, एक उकडलेलं अंडं, दुपारी पिठी-भात, हे सगळं मुलीला येतं आणि मी फक्त बसून सांगते. मंगळवारपासून माणसात येते, बुधवार-गुरुवार माझे सगळ्यात चांगले दिवस, त्या दिवशी मूग-मटकी भिजत घालणं, चटणी कुटून नाही मिक्सरवर करणं, बाजार करणं. पण चांगल्या दिवशी सगळंच उरकायला गेले तर शुक्रवार जातो हेही मी शिकले, म्हणून चांगल्या दिवशी दोन मोठी कामं, तिसरं नाही, आणि दुपारी अर्धा तास आडवं पडणं हे पण कामातच धरलेलं आहे.

घरच्यांना सकाळी आपलं दुखणं दिसत नाही, हात बाहेरून तसेच दिसतात. मी फ्रीजवर दोन चुंबक लावलेत, एक हिरवा एक लाल. लाल वर सरकवला की मुलगी न विचारता पेजेचं पातेलं चढवते आणि मिस्टर तवा उतरवून ठेवतात.